वर्गमित्रांच्या प्रथिन-मॉडेल प्रकल्पावर अभिप्राय कसा लिहावा? (फुरशाच्या विषातलं पीएलए-टू)

ओली_भेळ

एम.एस्सी. बायोइन्फॉर्मॅटिक्स, दुसरं सत्र. प्रत्येक गटाने दुसऱ्या एका गटाच्या प्रकल्पावर दोन पानी अभिप्राय द्यायचा आहे, त्याला १० गुण. आमच्याकडे आलेल्या प्रकल्पाचा विषय: फुरशाच्या विषातल्या फॉस्फोलायपेज ए-टू (पीएलए-टू) या एन्झाइमचं होमॉलॉजी मॉडेल (सारख्या प्रथिनाच्या माहीत असलेल्या रचनेवरून बांधलेली अंदाजी रचना). अहवालात असं आहे:

सिक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम) युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसवरून, लांबी १३८ रेसिड्यू (साखळीतली अमिनो आम्लं). टेम्पलेट (साचा म्हणून घेतलेली रचना) मण्यारच्या विषातलं पीएलए-टू, साम्य ४७ टक्के. निवडीचं कारण 'उपलब्ध रचनांत सर्वांत चांगलं रिझोल्यूशन'. मॉडेलर या प्रोग्रामवर ५ मॉडेलं, त्यातलं सर्वांत कमी डोप स्कोअरचं (कमी तितकं चांगलं) घेतलं. प्रोचेक या तपासणी-प्रोग्रामच्या रामचंद्रन आलेखात (कण्याच्या कोनांचा नकाशा) ९१.३ टक्के रेसिड्यू सर्वांत अनुकूल भागात. टेम्पलेटशी आरएमएसडी (दोन रचनांच्या अणूंमधलं सरासरी अंतर) ०.३१ अँगस्ट्रॉम. मग सक्रिय स्थळातल्या हिस्टिडिन-४८ भोवती बॉक्स आखून ऑटोडॉक व्हिनाने तीन वनस्पतिजन्य संयुगांचं डॉकिंग (रेणू प्रथिनात किती घट्ट बसेल याचा संगणकी अंदाज): उणे ७.१, उणे ७.६ आणि उणे ८.० किलोकॅलरी प्रतिमोल. निष्कर्ष: 'सक्रिय स्थळ अडवून विषाची क्रिया थांबते' आणि तिसरं संयुग 'सर्वांत प्रभावी विषरोधक'.

चित्रं सुरेख आहेत, आकडे बरे दिसतात. 'छान प्रयत्न, व्हॅलिडेशन आणखी करावं' यापलीकडे काय लिहायचं? मॉडेलची पीडीबी फाइलही (अणूंच्या जागांची) मिळाली आहे.

गणिती_कावळा

फाइल मिळाली आहे ना, मग अहवाल बाजूला ठेवा आणि आधी ती उघडा. रचना दाखवणारं कायमेराएक्स किंवा पायमोल, काहीही चालेल. अभिप्राय अहवालावर लिहायचा असला तरी तो तपासायचा फाइलमध्ये. बहुतेक जण उलटं करतात: अहवाल वाचतात, आकडे 'बरे' वाटतात आणि मग भाषेच्या चुका काढत बसतात.

आकड्यांबद्दल आधी बोलतो. टेम्पलेटशी ०.३१ आरएमएसडी हा गुणवत्तेचा पुरावा नाहीच. मॉडेलरने मॉडेल टेम्पलेटवरूनच बांधलंय, ते टेम्पलेटसारखं दिसणारच. टेम्पलेट चुकीचं असतं तरी हा आकडा असाच गोंडस आला असता. शिवाय पायमोलची 'अलाइन' आज्ञा मूळ सेटिंगमध्ये पाच फेऱ्या करते आणि प्रत्येक फेरीत न जुळणारे अणू वगळत जाते. शेवटी छापला जाणारा आरएमएसडी हा उरलेल्या अणूंचा. खाली 'इतक्या अणूंवर' असा आकडा येतो, तो अहवालात आहे का बघा. नसेल तर फेऱ्या शून्यावर ठेवून पुन्हा काढायला सांगा. जुळवलेल्या भागात भरकटलेले तुकडे असतील तर आकडा फुगेल.

९१.३ बद्दल. प्रोचेकची '९० टक्क्यांच्या वर' ही अपेक्षा २.० अँगस्ट्रॉम किंवा त्याहून चांगल्या रिझोल्यूशनच्या ११८ रचनांवरून ठरलेली आहे. आणि ही टक्केवारी काढताना ग्लायसिन, प्रोलिन आणि टोकाचे रेसिड्यू मोजत नाहीत. १३८ मधून ते वगळले तर ११५ च्या आसपास उरतात. ११५ पैकी १०५ म्हणजे बरोब्बर ९१.३. म्हणजे दहा रेसिड्यू बाहेर आहेत. प्रश्न टक्क्यांचा नाही, हे दहा कोण आणि कुठे, हा आहे. पृष्ठभागावरच्या एखाद्या वळणात असतील तर किरकोळ. एकाच पट्ट्यात सलग असतील तर तिथलं अलाइनमेंट (दोन सिक्वेन्सची जुळणी) घसरलंय असं समजा.

सीस्टीन_ताई

कावळ्याशी सहमत, पण माझ्या मते पहिला प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. लांबी १३८ वाचूनच मी थांबले.

वायपर कुळातल्या सापांच्या पीएलए-टूची पूर्ववर्ती साखळी साधारण १३८ ची असते. त्यात पहिले १६ रेसिड्यू सिग्नल पेप्टाइड. ते विषग्रंथीतच कापले जातात. विषात जे असतं ते १२२ चं. या मुलांनी युनिप्रॉटचा फास्टा (सिक्वेन्सची फाइल) जसाच्या तसा मॉडेलरला दिलेला दिसतो. त्या १६ रेसिड्यूंना टेम्पलेटमध्ये जोडीदार नाही, त्यामुळे मॉडेलच्या सुरुवातीला एक लांब दोरी लटकत असेल. ती फक्त कुरूप दिसते असं नाही. परिपक्व एन्झाइममध्ये पहिल्या रेसिड्यूचा मोकळा अमिनो गट सक्रिय स्थळाच्या हायड्रोजन बंधांच्या जाळ्यात असतो. पुढे १६ रेसिड्यू चिकटवले की तो मोकळा राहतच नाही.

आता क्रमांकांचा गोंधळ. पीएलए-टूच्या साहित्यात 'हिस्टिडिन-४८' म्हणतात ते सामायिक क्रमांकन आहे. सगळ्या कुटुंबाची अलाइनमेंट करून ते ठरवलंय, त्यामुळे मध्ये काही क्रमांक गाळलेले असतात. वायपरच्या पीएलए-टूत १५ हा क्रमांकच नसतो. म्हणून:

सामायिक ४८ = परिपक्व साखळीत मोजून ४७ = पूर्ववर्ती साखळीत ६३.
सामायिक ४९ = ४८ = ६४.
सामायिक ९९ (दुसरं ॲस्पार्टेट, उत्प्रेरक जोडीतलं) = ८९ = १०५.

युनिप्रॉटच्या नोंदीत सक्रिय स्थळं ६३ आणि १०५ अशी दिसतात ती यामुळेच.

@ओली_भेळ, मॉडेलच्या फाइलमध्ये ४८ क्रमांकावर कोणतं अमिनो आम्ल आहे ते बघून इथे सांगा. आणि ६३, ६४ वरही.

निवांत_पेठकर

अवांतर: कॉलेज रत्नागिरीकडचं असेल तर फुरसं हा विषय निवडणं साहजिकच आहे, कोकणात हा साप पोत्याने सापडतो. प्रतिसर्पविष हाफकिनमध्ये घोड्यांच्या रक्तातून बनवतात, त्याचा आणि या डॉकिंगचा काही संबंध आहे का?

सीस्टीन_ताई

@निवांत_पेठकर, थेट नाही. प्रतिसर्पविषात प्रतिपिंडं असतात, ती विषातल्या प्रथिनांना बाहेरून धरतात. इथे मुलं एन्झाइमच्या खोबणीत बसणारा छोटा रेणू शोधताहेत. पण अहवालात 'विषरोधक' हा शब्द वापरलाय तो मात्र अभिप्रायात खोडायला हवा. संगणकावरच्या तीन आकड्यांवरून फार तर 'पुढे तपासण्याजोगं संयुग' इतकंच म्हणता येतं. सर्पदंशाच्या बाबतीत असे शब्द सैल वापरू नयेत, कोणी ते वाचून झाडपाला लावत बसतो.

ओली_भेळ

बघितलं. फाइलमध्ये ४८ वर ग्लुटामेट आहे! ६३ वर हिस्टिडिन. ६४ वर सेरीन. डॉकिंगची कॉन्फिग फाइल परिशिष्टात आहे, बॉक्सचा मध्य ४८ च्या अल्फा-कार्बनवरच (रेसिड्यूचा कण्यातला मधला कार्बन) ठेवलाय.

बीटा_चकली

म्हणजे बॉक्स ग्लुटामेटभोवती. सापडली की पहिली मोठी गोष्ट. आणि ही अभिप्रायात लिहायला सर्वांत सोपी, कारण वादाला जागाच नाही: 'तुमच्या फाइलमध्ये ४८ वर ग्लुटामेट आहे, हिस्टिडिन ६३ वर आहे, कॉन्फिगमधला मध्य ४८ चा आहे.' एका वाक्यात काम झालं. विशेषणं लावू नका.

पण थांबा, ६४ वर सेरीन म्हणालात?

सीस्टीन_ताई

मीही तिथेच अडकले. @ओली_भेळ, ५९ ते ६६ सलग लिहा बरं.

ओली_भेळ

सिस्टीन, सिस्टीन, ल्यूसिन, ॲलनिन, हिस्टिडिन, सेरीन, सिस्टीन, सिस्टीन.

सीस्टीन_ताई

मग चित्र बदललं. इतर गोष्टींआधी हे नीट समजून घ्या, अभिप्रायाचा कणा हाच होणार.

नेहमीच्या पीएलए-टूमध्ये हिस्टिडिन-४८ च्या लगेच पुढे ४९ वर ॲस्पार्टेट असतं. कॅल्शियम धरायचं मुख्य काम त्याचं: त्याचे दोन्ही कार्बॉक्सिल ऑक्सिजन, शिवाय २८, ३० आणि ३२ या रेसिड्यूंच्या कण्यातले ऑक्सिजन, आणि दोन पाण्याचे रेणू. असे एकूण सात. कॅल्शियम नसेल तर फॉस्फोलिपिडचं विघटन होत नाही.

इथे ४९ वर सेरीन आहे. म्हणजे हे 'सेरीन-४९' प्रकारचं, कॅल्शियम न धरणारं आणि उत्प्रेरण जवळजवळ न करणारं रूप आहे. वायपर सापांच्या विषात अशी रूपं असतात; मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या बोथ्रॉप्स सापांमध्ये ४९ वर लायसिन असलेली त्यांची भावंडं प्रसिद्ध आहेत. स्नायूंच्या पेशींचं आवरण ती फोडतात, पण फॉस्फोलिपिड कापून नव्हे. त्यात मुख्य हात साखळीच्या शेवटाकडच्या धनभारित आणि जलविरोधी पट्ट्याचा मानला जातो.

आता अहवालाचा निष्कर्ष परत वाचा: 'सक्रिय स्थळ अडवून विषाची क्रिया थांबते.' ज्या प्रथिनात ते स्थळ कामच करत नाही, तिथे ते अडवून काय थांबणार?

निवांत_पेठकर

साप समजून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. 😄

मास्तर_सातारकर

हा धागा उशिरा पाहिला. अशा प्रकल्पांचे गुण देणाऱ्याच्या बाजूने थोडं लिहितो.

परीक्षक अभिप्रायात किती चुका काढल्या हे मोजत नाही. चुकांची उतरंड लावता आली का, हे बघतो. तुमच्याकडे आता तीन थर आहेत. वरचा: सिक्वेन्सचं जीवशास्त्र (सेरीन-४९, सिग्नल पेप्टाइड). मधला: टेम्पलेट आणि बांधणी. खालचा: व्हॅलिडेशनचे आकडे, चित्रं, भाषा. वरचा थर कोसळला की खालच्यावर अर्धं पान खर्च करण्यात अर्थ नाही. रामचंद्रन आलेखाच्या चित्रात अक्षांची नावं नाहीत हे खरं असेलही, पण ते शेवटी, एका ओळीत.

'टेम्पलेट बदला' असं नुसतं लिहू नका. मुदत जवळ असली की असा शेरा वाचून समोरचा गट हबकतो आणि काहीच करत नाही. बदलायचं का, कशात, आणि बदललं तर कोणती पायरी पुन्हा करावी लागेल आणि कोणती नाही, हे लिहा.

बीटा_चकली

टेम्पलेटवर मी लिहिते, कारण इथे डायसल्फाइडची (दोन सिस्टीनांच्या गंधकांमधला बंध) मजा आहे.

मण्यार आणि नाग यांचं पीएलए-टू ग्रुप १ चं, घोणस आणि फुरसं यांचं ग्रुप २ चं. दोन्हींत डायसल्फाइड बंध सातच. त्यातले सहा सामायिक, सातवा वेगळा. ग्रुप १ मध्ये तो ११ आणि ७७ यांच्यात असतो. ग्रुप २ मध्ये ११ आणि ७७ वर सिस्टीनच नसतात. तिथे ५० आणि शेवटचं १३३ जोडलेलं असतं (सगळे सामायिक क्रमांक). शिवाय ग्रुप २ ची साखळी शेवटी काही रेसिड्यूंनी लांब असते आणि तो सातवा बंध या शेपटीलाच बांधून ठेवतो.

मण्यारच्या टेम्पलेटमध्ये ना ती शेपटी, ना तो बंध. मॉडेलर टेम्पलेटमधले डायसल्फाइड आपोआप उचलतो, पण जो टेम्पलेटमध्येच नाही तो कुठून उचलणार? त्यामुळे या मॉडेलमध्ये शेपटी हवेत असणार. तपासायला मिनिटही लागत नाही: पूर्ववर्ती क्रमांकात ६५ आणि १३८ या सिस्टीनांच्या गंधक अणूंमधलं अंतर मोजा. खऱ्या बंधात ते २.०५ अँगस्ट्रॉमच्या आसपास असतं. उरलेल्या सहा जोड्याही मोजा: ४२–१३१, ४४–६०, ५९–१११, ६६–१०४, ७३–९७, ९१–१०२. सात ओळींचा छोटा तक्ता अभिप्रायात टाका. समोरच्या गटाला तो थेट उपयोगी पडेल.

हेच टेम्पलेट कायम ठेवायचं झालं तर मॉडेलरमध्ये 'स्पेशल पॅचेस' लिहून तो बंध जबरदस्तीने घालता येतो. पण शेपटीचा मार्ग तरीही अंदाजानेच येईल. इतक्या छोट्या शेपटीसाठी ग्रुप २ चं टेम्पलेट समोर असताना हा खटाटोप का करायचा?

आणि लक्षात घ्या, सीस्टीन_ताई म्हणाली तो धनभारित पट्टा शेवटाकडेच आहे. म्हणजे या प्रथिनाचं जे महत्त्वाचं अंग, नेमकं तिथेच मॉडेल सर्वांत कच्चं आहे.

ओली_भेळ

मोजलं. सहा जोड्या २.० ते २.१ मध्ये. ६५–१३८ चं अंतर १७.४! सुरुवातीची दोरीही आहे, चित्रात ती दिसू नये म्हणून कोन बदलून काढलंय असं वाटतं.

मास्तर_सातारकर

शेवटचं वाक्य अभिप्रायात लिहू नका. हेतूबद्दल काही म्हणायचं नाही. 'आकृती ३ मध्ये साखळीचं सुरुवातीचं टोक दिसत नाही. दोन्ही टोकं दाखवणारं चित्र द्यावं' इतकंच.

गणिती_कावळा

रिझोल्यूशनचा मुद्दा राहिला. १.५ अँगस्ट्रॉमचं ४७ टक्के साम्याचं टेम्पलेट आणि २.३ चं ८० टक्के साम्याचं, यात दुसरं घ्यायचं. टेम्पलेटमधल्या अणूंची अचूकता दशांशात सुधारते, पण अलाइनमेंटमध्ये एका जागेची घसरण झाली तर चूक थेट ३.८ अँगस्ट्रॉमची होते, कारण शेजारच्या दोन अल्फा-कार्बनांत तेवढं अंतर असतं. आधी कुटुंब, मग साम्य आणि साखळी किती झाकली जाते, मग लिगँड (प्रथिनाला चिकटलेला रेणू) किंवा आयन आहे का, आणि सर्वांत शेवटी रिझोल्यूशन.

पीडीबी या रचनांच्या डेटाबेसवर ब्लास्ट (सारख्या सिक्वेन्सचा शोध) करून निकाल ई-व्हॅल्यूनुसार (जुळणी योगायोगाची असण्याचं माप) लावलेले ठेवा. त्यांनी बहुधा रिझोल्यूशननुसार लावले आणि पहिला उचलला.

सीस्टीन_ताई

तो ब्लास्ट तुम्ही स्वतः करा, ओली_भेळ. फुरशाच्या विषातल्या 'इकार्फोलिन एस' या सेरीन-४९ पीएलए-टूची स्फटिकरचना २००८ सालीच प्रसिद्ध झालेली आहे. सुरामिन या औषधासोबतची रचनाही पीडीबीत आहे. तुम्ही लिहिलेले ते आठ रेसिड्यू आणि १२२ ची लांबी बघता, मुलांचा सिक्वेन्स बहुधा तोच किंवा त्याच्या अगदी जवळचा निघेल.

ओली_भेळ

केला. सिग्नल पेप्टाइड काढून टाकलं तर १२२ पैकी १२२ जुळतात. 😳 म्हणजे प्रकल्पच बाद?

बीटा_चकली

उलट! आता खरी परीक्षा घेता येते. मॉडेल टेम्पलेटशी नाही, प्रत्यक्ष रचनेशी ताडून बघा. आरएमएसडी दोन वेळा काढा: एकदा फक्त गाभ्याच्या हेलिक्सांवर, एकदा सर्व १२२ अल्फा-कार्बनांवर, फेऱ्या शून्य. माझा अंदाज, गाभा बऱ्यापैकी बसेल, आणि बीटा-विंग (बाजूला आलेला चपटा पट्टा) नि शेपटी भरकटलेली असेल. प्रत्येक रेसिड्यूचं अंतर आलेखावर टाकलं तर कोणत्या चुकीची किती किंमत मोजावी लागली ते स्वच्छ दिसतं. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात अशी संधी क्वचित मिळते.

गणिती_कावळा

+१. आणि त्याच आलेखावर अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामचं मॉडेलही टाका. फक्त दोन पथ्यं. एक, अल्फाफोल्डच्या डेटाबेसमधून तयार मॉडेल उचललं तर ते पूर्ववर्ती साखळीचं असण्याची शक्यता जास्त. कोलॅबफोल्डवर (अल्फाफोल्ड ऑनलाइन चालवायची सोय) परिपक्व १२२ ची साखळी देऊन स्वतः चालवा. दोन, २००८ ची रचना अल्फाफोल्डच्या प्रशिक्षणात होतीच, तेव्हा तिथे चांगला आरएमएसडी आला म्हणून 'अल्फाफोल्डने भाकीत केलं' असं लिहू नका. उत्तर त्याने आधीच पाहिलेलं आहे.

रंगाबद्दलही सांगून ठेवतो, कारण या चुकीवर गुण जातात. अल्फाफोल्डच्या फाइलमध्ये बी-फॅक्टरच्या रकान्यात पीएलडीडीटी (मॉडेलवरच्या भरवशाचा आकडा) असतो: ९० च्या वर उत्तम, ७० ते ९० ठीक, ५० ते ७० कमी, ५० खाली भरवसा नाही. खऱ्या स्फटिकरचनेत त्याच रकान्यात मोठा आकडा म्हणजे जास्त हालचाल, म्हणजे कमी भरवसा. एकाच रंगपट्टीने दोन्ही रंगवले की अर्थ उलटा होतो.

निवांत_पेठकर

एक भाबडा प्रश्न. अल्फाफोल्ड असताना ही मुलं अजून मॉडेलर का वापरताहेत?

मास्तर_सातारकर

कारण अभ्यासक्रमात अलाइनमेंट वाचायला शिकवायचं असतं. मॉडेलरमध्ये चूक कुठे घुसली ते हाताने शोधता येतं. या धाग्यात आत्तापर्यंत निघालेली प्रत्येक गोष्ट त्यामुळेच निघाली.

बीटा_चकली

कॅल्शियमबद्दल एक राहिलं. साधं ॲस्पार्टेट-४९ चं पीएलए-टू असतं तर मी लिहिलं असतं की टेम्पलेटमधला कॅल्शियम मॉडेलमध्ये आणा: 'हेटॅटम' वाचायची सोय चालू करायची आणि अलाइनमेंटच्या शेवटी टेम्पलेट आणि लक्ष्य दोन्हींत टिंब द्यायचं. इथे मात्र उलटा सल्ला. सेरीन-४९ मध्ये कॅल्शियम घालू नका. मुलांनी घातलेला नाही, तेव्हा 'आयन विसरलात' असा शेरा मारू नका. चेकलिस्ट समोर ठेवून अभिप्राय लिहिणारे हमखास इथे फसतात. चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या अभिप्रायातही हेच वाक्य येईल, पैज लावा.

तसंच रामचंद्रन आलेखाचं. कॅल्शियम-वळणाच्या पट्ट्यात ग्लायसिन ओळीने आहेत. ग्लायसिनला बाजूची साखळी नाही, त्यामुळे धन फाय कोन (कण्याच्या दोन कोनांपैकी एक) त्याला चालतो. आलेखात उजवीकडे दिसणारे त्रिकोण हे ग्लायसिनच. त्यांना चूक म्हणू नका. मद्रासला १९६३ मध्ये रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी हा आलेख मांडला तेव्हापासून ग्लायसिनचा नकाशा वेगळाच आहे. आज मोलप्रॉबिटी हे तपासणीचं साधन ग्लायसिन आणि प्रोलिनचे आलेख स्वतंत्र देतं, तेच वापरायला सांगा. तिथली अपेक्षाही कडक: ९८ टक्के अनुकूल भागात, बाहेर ०.०५ टक्क्यांहून कमी. १२२ रेसिड्यूंत म्हणजे व्यवहारात एकही नको.

गणिती_कावळा

डोपवर एक ओळ. डोप स्कोअर एकाच सिक्वेन्सच्या मॉडेलांतच तुलना करायला चालतो. सिग्नल काढून १२२ चं मॉडेल केलं की नवा स्कोअर जुन्याशी ताडू नका, साखळीची लांबीच बदलली. तुलना हवीच असेल तर नॉर्मलाइज्ड डोप घ्या. आणि ५ मॉडेलं फार कमी. इतक्या छोट्या प्रथिनाला ५० करायलाही साध्या लॅपटॉपवर फार वेळ लागत नाही.

व्हिनाचे आकडे: उणे ७.१ आणि उणे ८.० मधला फरक ०.९. व्हिनाच्या २०१० च्या मूळ शोधनिबंधातच प्रमाण त्रुटी २.८५ किलोकॅलरी दिलेली आहे. म्हणजे तिन्ही संयुगं एकाच पातळीवर, पहिला-दुसरा-तिसरा असा क्रम लावताच येत नाही. कंट्रोल चाचणीही नाही: ज्ञात लिगँड काढून परत डॉक करायचा आणि मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत बसतो का बघायचं.

सीस्टीन_ताई

कंट्रोल चाचणीसाठी आयती सोय आहे. दिल्लीच्या एम्समधून घोणशीच्या पीएलए-टूच्या कितीतरी रचना पीडीबीत गेल्या आहेत, ॲरिस्टोलोकिक आम्लासोबतची, व्हिटॅमिन ई सोबतची. डॉकिंग करायचंच असेल तर ते घोणशीच्या ॲस्पार्टेट-४९ प्रथिनावर करावं आणि फुरशाचं सेरीन-४९ तुलनेला ठेवावं. हा प्रश्न मूळ प्रश्नापेक्षा चांगला आहे, आणि मुलांचं निम्मं काम त्यात वापरलं जातं.

ओली_भेळ

मसुदा टाकते. फक्त पहिलं पान:

"प्रकल्पाची फाइल, कॉन्फिग आणि अलाइनमेंट परिशिष्टात दिल्यामुळे प्रत्येक पायरी तपासता आली. सहा डायसल्फाइड बंध योग्य अंतरावर आहेत.

मुद्दा १. क्रमांक ६४ (सामायिक ४९) वर ॲस्पार्टेटऐवजी सेरीन आहे. हे कॅल्शियम न धरणारं रूप असल्याने सक्रिय स्थळ अडवण्यावर आधारलेला निष्कर्ष (पान ११) टिकत नाही. तपासणी: सिक्वेन्समधील ५९ ते ६६.

मुद्दा २. पहिले १६ रेसिड्यू सिग्नल पेप्टाइड आहेत. ते काढून १२२ चं मॉडेल करावं. यामुळे क्रमांक बदलतात: डॉकिंगचा बॉक्स सध्या ग्लुटामेटवर (४८) आहे, हिस्टिडिन ६३ वर आहे.

मुद्दा ३. टेम्पलेट ग्रुप १ चं आहे, लक्ष्य ग्रुप २ चं. परिणाम: ६५–१३८ हा बंध तयार झालेला नाही, अंतर १७.४ अँगस्ट्रॉम. ग्रुप २ चं टेम्पलेट घेतल्यास अलाइनमेंट आणि मॉडेल-बांधणी पुन्हा करावी लागेल. संयुगांच्या तयार फाइली तशाच वापरता येतील.

सुचवणी. या सिक्वेन्सची स्फटिकरचना पीडीबीत आहे. सध्याचं मॉडेल टाकून न देता तिच्याशी रेसिड्यूनिहाय ताडून दाखवावं."

दुसऱ्या पानावर डायसल्फाइडचा तक्ता, व्हिनाची त्रुटी, आरएमएसडी आणि रामचंद्रन.

मास्तर_सातारकर

चांगलं आहे. दोन दुरुस्त्या. मुद्दा ३ मध्ये 'ग्रुप २ चं टेम्पलेट' इतकंच लिहून थांबू नका, स्वतःच्या ब्लास्टमधून एक-दोन पर्याय साम्यासह द्या. पण इकार्फोलिनची रचनाच टेम्पलेट म्हणून घेऊ नका असं स्पष्ट लिहा, नाहीतर मुलं तिच्यावरूनच मॉडेल बांधतील आणि तिच्याशीच ताडतील, आणि आरएमएसडी ०.१ आला म्हणून खूश होतील.

दुसरं, पहिल्या परिच्छेदातली दाद तशीच ठेवा. फाइली जोडल्या हे खरोखर महत्त्वाचं. न जोडणाऱ्या गटांच्या चुका सापडतच नाहीत आणि त्यांना गुण जास्त पडतात, ही या पद्धतीची जुनी खोड आहे.

बीटा_चकली

तक्त्यात क्रमांकांचे तिन्ही रकाने द्या: सामायिक, परिपक्व, पूर्ववर्ती. सातव्या बंधाच्या ओळीत ५०–१३३, ४९–१२२, ६५–१३८ असं येईल. नाहीतर सिग्नल काढल्यावर त्यांच्या फाइलमध्ये ६५ वर भलताच रेसिड्यू येईल आणि तुमचाच अभिप्राय चुकीचा वाटेल.

ओली_भेळ

केलं, तिन्ही रकाने टाकले. ग्रुप २ मधून घोणशीचं एक टेम्पलेट साम्यासह दिलं. गाभा आणि पूर्ण साखळी असे दोन आरएमएसडी आज रात्री काढते, आलेख इथेच टाकते.

गणिती_कावळा

टाका. शेपटीचा भाग वेगळ्या रंगात दाखवा, आणि किती अणूंवर काढला ते आकड्याखाली लिहायला विसरू नका.